शूटिंगची जागा

देवळात गेलं की देव असतो. किल्ल्यावर गेलं की निदान पडकी तटबंदी असते. शूटिंगची जागा बघायला गेलं की तिथं काय असतं? काहीच नसतं. नट गेलेला असतो, नटी गेलेली असते, कॅमेरा गेलेला असतो, नटीवर छत्री धरणारा पोरगासुद्धा गेलेला असतो. मागं उरतो एखादा पूल, एखादं बाकडं, फार तर रस्त्याचं एक वळण. आणि त्या वळणावर उभं राहून लांबून आलेली माणसं एकमेकांना विचारत असतात, “हेच ना ते?” एवढा एक प्रश्न विचारण्यासाठी माणसं व्हिसा काढतात, ठेवी मोडतात आणि बीडहून मुंबईच्या विमानतळापर्यंत रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसतात.

मराठवाड्यातल्या माणसानं विलायतेला जाणं हा मुळातच हसण्याचा विषय. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करून तो कायमचा पक्का करून ठेवला. पुढं तोच एकपात्री प्रयोग आमच्या माजलगावच्या संदीप पाठकांनी रंगवला. त्यामुळं आमचं युरोपचं ठरल्याचं कळताच गल्लीत जो तो “निघालं का वऱ्हाड?” हाच विनोद करायचा, आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय अशा चेहऱ्यानं करायचा. फरक एवढाच, की देशपांड्यांच्या वऱ्हाडाला पोचल्यावर लग्न तरी होतं. आम्हाला पूल बघायचा होता.

पुलाचं वेड माझ्या बायकोचं. ती शाळेत इंग्रजी शिकवते आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ अभ्यासक्रमात असायला हवा होता, असं तिचं प्रामाणिक मत आहे. बरोबर मामा आणि मामी. मामांची शेती पाटोद्याकडं, बालाघाटाच्या कडेला. त्यांचा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला इंजिनिअर. आधी टूरबरोबर फिरायचं आणि मग मुलाकडं राहून बायकोची यादी उरकायची, असा बेत होता. यादीत पूल, स्टेशन, बाग, कारंजं असं बरंच काही होतं. मामांची यादीच नव्हती. त्यांचं म्हणणं, “जे दिसंल ते बघू. न दिसणारं बघायला घरचा देव्हारा हाय की.” मामींच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, धपाटी, कडक भाकरी आणि “लागती तिकडं” म्हणून सुतळीची एक गुंडी होती. विमानतळावरच्या साहेबानं ती गुंडी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, पण तिच्याविरुद्ध त्याच्याकडं नियम नव्हता.

स्वित्झर्लंड आमच्या जिल्ह्यात आलं ते व्हिडिओ कॅसेटीतून. राज कपूरनं ‘संगम’मध्ये १९६४ सालीच युरोप दाखवला होता, पण ती चैन होती. हिंदी सिनेमाचा हक्काचा बर्फ काश्मीरचाच. १९८९-९० पासून काश्मीर धुमसायला लागलं, तिथली शूटिंगं थांबली आणि यश चोप्रांनी बर्फाचा पत्ताच बदलून टाकला. ‘डर’, आणि मग २० ऑक्टोबर १९९५ ला त्यांच्या मुलाचा, आदित्य चोप्रांचा ‘दिलवाले’. मे महिन्यातली दुपार, पत्र्याची खोली, नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि भाड्यानं आणलेल्या टीव्हीवर बर्फच बर्फ. आम्हाला ठाऊक असलेला बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडची भुशात गुंडाळलेली लादी. ती अशी डोंगरभर पसरलेली आणि जवळपास एकही रसवंती नाही, याचंच आम्हाला नवल. त्यात नायक स्वेटर, कोट, मफलर अशा पूर्ण बंदोबस्तात, आणि नायिका शिफॉनच्या साडीत. कॅसेट संपेपर्यंत मामींचा एकच प्रश्न असायचा, “त्या लेकराला कुणी शाल का देईना गेलंय?”

हा प्रश्न मामींनी पुढं टिटलिसच्या बर्फावर स्वतःच निकाली काढला. टिटलिसला वर शाहरुख-काजोलचा कटआउट उभा करून ठेवलेला आहे. समोर आल्प्सची शिखरं आणि सगळे भारतीय त्यांच्याकडं पाठ करून कटआउटच्या रांगेत. आमच्या पुढं एक नवं जोडपं होतं. नवरीनं हट्टानं शिफॉनची साडी नेसलेली, ओठ निळे पडलेले, आणि नवरा मोबाईल आडवा-उभा करत “अजून एक, अजून एक” म्हणतोय. मामींच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. त्या रांग मोडून सरळ पुढं गेल्या आणि अंगावरची शाल काढून त्या पोरीभोवती गुंडाळली. “मावशी, फ्रेममध्ये येऊ नका,” नवरा ओरडला. “तुझ्या फ्रेमीला आग लागो, पोरगी गारठली,” मामी म्हणाल्या. त्या जोडप्याच्या अल्बमात शाहरुख, काजोल, नवरी आणि पाठमोऱ्या आमच्या मामी असा एक फोटो नक्की असणार.

खाली इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६ मध्ये बसवलेला. त्यांच्या नावाची रेल्वेगाडीही तिथं आहे, आणि त्याच देशातल्या एका तळ्याला लोक चोप्रा लेक म्हणतात. एका सिनेमावाल्यानं गिऱ्हाईक आणून दिलं, त्याची ही पोचपावती. स्विस माणूस हिशोबाला चोख. (लंडनवाल्यांनीही मागं राहायचं नाही असं ठरवलं असावं, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये राज आणि सिमरन ब्रॉन्झमध्ये उभे राहिले.) आमच्याकडं पुतळा दिसला की हात आधी हार शोधतो. मामांनी टोपी सारखी केली, पुतळ्याला हात जोडले आणि विचारलं, “यांची जयंती कवा असती?” मग त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. एकही फ्लेक्स नाही, शुभेच्छुकांचे गोल फोटो नाहीत, बंदोबस्ताला होमगार्ड नाही. बिनशुभेच्छुकांचा पुतळा मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. “मग बसवला कुणी?” ही त्यांची शंका शेवटपर्यंत फिटली नाही.

‘दिलवाले’चा विषय निघाला की बीडच्या माणसाला आणखी एक १९९५ आठवतं. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली तीही १९९५ सालीच. जिल्ह्यात परळीला गाडी जुनीच, पण तिला बीडकडं यायला रूळ नव्हते. बीडमध्ये वाढलेल्या पोरानं रेल्वे बघितली ती पडद्यावर. त्यामुळं धावत्या गाडीच्या दारातून नायक हात पुढं करतो आणि फलाटावरून नायिका पळत सुटते, तेव्हा बाकी देशाचा जीव ‘पोचेल का’ म्हणून टांगणीला लागायचा. आमचा प्रश्न अलीकडचा होता, की गाडी आली कशी? इतक्या वेळेवर? आणि कुठल्याही पुढाऱ्याच्या हस्ते नाही? सिमरनला गाडी मिळाली १९९५ सालीच. आम्ही निघालो तेव्हा आमची गाडी जेमतेम आष्टीपर्यंत आलेली होती, २३ सप्टेंबर २०२२ ला.

ही पार्श्वभूमी असल्यावर युंगफ्राऊला काय झालं ते समजून घ्यावं लागतं. तिथं ३,४५४ मीटर उंचीवर, बर्फाच्या पोटात, चक्क रेल्वे स्टेशन आहे. वरच्या हॉटेलचं नाव बॉलिवूड, पण मामांचं लक्ष रुळांवर. गाइड सांगत होता, की आयगर आणि म्योंख हे दोन डोंगर आतून पोखरून हा रेल्वेमार्ग केला, काम सुरू झालं १८९६ साली आणि संपलं १९१२ साली. मामा एकदम थांबले.

“म्हणजे किती वर्षं?”

“सोळा.”

“डोंगराच्या आतून? बर्फात?”

गाइड खूश झाला. बिचाऱ्याला वाटलं, मामा भारावले. तो भरात येऊन म्हणाला, खरं तर सात वर्षांत व्हायचं होतं, पण लांबलं.

मामांचा चेहरा उजळला. “हां! म्हंजी इथंबी ठेकेदारच होता की!” त्या क्षणापासून मामांना स्वित्झर्लंड आपलं वाटायला लागलं. ज्यानं हे काम काढलं तो आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ मध्येच वारला, पूर्ण झालेलं त्यानं पाहिलंच नाही, हे ऐकल्यावर तर त्यांनी “आमच्याकडंबी लई गेले रेल्वेची वाट बघत” म्हणून चुकचुक केली. पण खरी मान डोलली ती पुढच्या वाक्याला. बोगदा खणणारे मजूर बहुतेक इटलीहून आलेले होते, असं गाइड म्हणाला. मामांचं अर्धं शिवार दर दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातं. त्यांनी विचारलं, “उचल किती द्यायचे? आन मुकादम कोण होता?” मी शाळेत जेवढं इंग्रजी शिकलो त्यात मुकादम नव्हता. बायको इंग्रजीची शिक्षिका, तीही गप्प. गाइडनं आपल्या परीनं उत्तर दिलं, की उजवीकडं बर्फाचा राजवाडा आहे.

आता पूल. टूर संपल्यावर मामांचा मुलगा आम्हाला गाडीत घालून सानेनला घेऊन गेला. गश्टाडच्या शेजारचं हे लहानसं गाव. ‘दिलवाले’तला तो पूल इथला, आणि नायक-नायिकेची गाडी चुकते ते स्टेशन पलीकडचं झ्वायसिमेन. हे नाव मामांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याचं जयसिंगपूर करून टाकलं आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. स्विस बाईच्या आवाजात नकाशा सांगणारा मोबाईल सोडला, तर त्या गाडीत कुणीच झ्वायसिमेनला चाललेलं नव्हतं.

मुलानं गाडी लावली आणि हात दाखवला. “हाच.”

“ह्यो?” मामा म्हणाले.

पूल म्हणजे आडवं फार तर दोन माणसं आणि एक सायकल जाईल एवढा. खाली साने नदी, मागं टोकदार छपराचं चर्च, कडेला लाकडी घरं आणि प्रत्येक खिडकीत लाल फुलं. बीडचा माणूस कुठल्याही पुलावर गेला की आधी वाकून खाली बघतो. आमच्याकडं पूल आधी होतो आणि पाणी मागाहून येतं, आलं तर. मामा कठड्यावरून वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पाणी बरंय.” त्यांच्या लेखी पूल पाहून झाला.

बायकोचं मात्र आत्ता कुठं सुरू झालं होतं. तिनं मोबाईलवर सिनेमातलं दृश्य थांबवून आणलं होतं. ते समोर धरून ती कधी डोळे बारीक करून पुलाकडं बघायची, कधी चर्चकडं. “कठडा वेगळा दिसतोय,” ती म्हणाली. पुलावर आमच्या आधीच एक गुजराती कुटुंब आणि दिल्लीकडचं एक जोडपं होतं. कठडा हा शब्द कुणाला कळला देव जाणे, पण वाद सगळ्यांना कळला आणि सगळे त्यात उतरले. दिल्लीवाला म्हणाला, तीस वर्षांत रंग दिला असेल. गुजराती काका म्हणाले, पूल बरोबर आहे, आपण चुकीच्या टोकाला उभे आहोत. मग आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून चर्च दिसेना. परत आलो. तेवढ्यात गावातली एक म्हातारी कुत्रं घेऊन पुलाशी आली. पुलावर कुणीतरी हात पसरून उभं आहे आणि कुणीतरी त्याचा फोटो काढतंय, हे पाहून ती निमूट थांबली. कुत्रंही थांबलं, आपण होऊन बसलंच. दोघांनाही सवय असावी. आमचे फोटो झाल्यावर ती “नमस्ते” म्हणून पुलावरून निघून गेली. पलीकडं बहुतेक तिचं घर होतं. तिला फक्त घरी जायचं होतं.

आमच्या पाचही जणांचा एकत्र फोटो काढायला मामींची सुतळी कामाला आली. मुलाला फोटोत घ्यायचं म्हणून मोबाईल कठड्याला सुतळीनं करकचून बांधला, टायमर लावला, सगळे पळत जाऊन उभे राहिले, आणि मोजून पाहिलं तर मामा नाहीत.

मामा सापडले रस्त्यापलीकडच्या कुंपणाशी. कुंपणाच्या आत गाई. तांबूस-सोनेरी अंग, पांढरं तोंड, गळ्यात तांब्याएवढी घंटा. मामांनी दोन तारांमधून हात घातला होता आणि एका गाईची मान खाजवत होते. गाईनं डोळे मिटले होते. “पोळी मोठी हाय हिची,” मामा गळ्याखालच्या कातड्यावर हात फिरवत म्हणाले, “पण वशिंड न्हाई. जर्शीबी न्हाई ही. कोणती हाय?” तेवढ्यात गोठ्यातून मालक आला. गमबूट, हातात बादली. कुंपणात हात घातल्याबद्दल तो काही बोलणार असं वाटलं, पण मामांचा हात गाईच्या मानेवर नेमका कुठं आहे हे त्यानं पाहिलं आणि बादली खाली ठेवली. पुढचा अर्धा तास मामांचा मुलगा जर्मन आणि मराठी यांच्यामध्ये घामाघूम झाला. वेत किती दिवसांनी? खुराक काय? शेण कुठं टाकता? कालवड किती दिवसांत माजावर येते? मुलगा इंजिनिअर, माजाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ते हातवाऱ्यांनी सांगितलं. मालकाला कळलं. गाईलाही कळलं असावं, ती जरा सरकून उभी राहिली.

गाईची जात सिमेंटल. याच भागातल्या सिम्मे नदीच्या खोऱ्यातली, तिथूनच ती जगभर गेली, आणि जयसिंगपूर, म्हणजे झ्वायसिमेन, त्याच खोऱ्यात वसलेलं आहे. तेव्हा बायकोची सिमरन आणि मामांची सिमेंटल एकाच गावच्या निघाल्या. दूध किती देते ते मालकानं सांगितल्यावर मामांनी मनातल्या मनात आमच्या डेअरीच्या भावानं गुणाकार केला. ओठ हलत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, “हिचा पिक्चर काढायला पाहिजे होता.”

पूल निदान त्याच गावात होता, ही तरी नशिबाची गोष्ट. बाकी सिनेमाची जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात असते. आमच्या शेजारच्या काकू ‘हम दिल दे चुके सनम’मधला तो पूल शोधत रोमपासून व्हेनिसपर्यंत मान वळवून वळवून फिरल्या. सिनेमात इटली म्हणून दाखवलेलं ते शहर हंगेरीतलं बुडापेस्ट, आणि पूल तिथला सेचेन्यी पूल. काकूंना हे परत आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून त्या इटलीवरच नाराज आहेत.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गला ‘साउंड ऑफ म्युझिक’चा मोठा व्यवसाय आहे. १९६५ चा सिनेमा; मिराबेल बागेतल्या पायऱ्यांवर आजही जगभरचे लोक गात-नाचत वर-खाली करत असतात. फक्त साल्झबुर्गची माणसं सोडून. तिथल्या कितीतरी लोकांनी तो सिनेमाच पाहिलेला नाही. आमच्या हॉटेलातल्या बाईला बायकोनं विचारलं, तर ती म्हणाली, “बघायचा राहिलाय.” हेलब्रुनच्या बागेत सिनेमातला तो काचेचा मांडव ठेवलाय, पण त्याला कुलूप. आत बाकांवरून उड्या मारताना कुणी वयस्कर चाहती पडली, तेव्हापासून तो बंद. बायकोनं बाहेरूनच पाच-सहा प्रदक्षिणा घातल्या. मामींनीही घातल्या, देव कोणता हे त्यांनी विचारलं नाही.

या सिनेमाच्या शेवटी ते सगळं कुटुंब नाझींना चुकवून डोंगर ओलांडून पायी स्वित्झर्लंडला जातं. नकाशा बघितला तर साल्झबुर्गच्या त्या बाजूचा डोंगर ओलांडल्यावर जर्मनी लागते, आणि तीसुद्धा हिटलरचं डोंगरातलं घर होतं तो भाग. खऱ्या फॉन ट्राप कुटुंबानं १९३८ साली असलं काही केलं नाही. ते सरळ स्टेशनवर गेले आणि इटलीच्या रेल्वेत बसले. मामांना हे पटेना. “दारात रेल्वे आसताना डोंगर कशाला चढवला त्यांला?” मी म्हणालो, “मामा, पायी जाण्यात नाट्य आहे.” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढं बोललो नाही. मामा दर आषाढीला पायी पंढरपूरला जातात, आणि त्यांचं शिवार बैलगाडीमागं चालत फडावर जातं. पायी जाण्यात काय असतं ते मी त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

रोममध्ये ‘रोमन हॉलिडे’मधलं ते दगडी तोंड आहे, खोटं बोलणाऱ्यानं आत हात घातला तर ते चावतं म्हणतात. ग्रेगरी पेकनं १९५३ मध्ये हात बाहीत लपवून ऑड्री हेपबर्नला घाबरवलं, आणि तेव्हापासून तिथली रांग हललेली नाही. आमच्या टूरमध्ये जिल्ह्यातले एक माजी सभापती होते. ते रांगेत उभे राहिले, जवळ आल्यावर त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि ते बाजूला गेले.

स्पेनला आम्ही गेलो नाही. पण मामांचा मुलगा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहून बुन्योलच्या टोमॅटो-जत्रेला जाऊन आलेला, आणि त्याचे फोटो त्यानं हौसेनं दाखवले. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी सगळं गाव रस्त्यावर, ट्रकनं टोमॅटो येतात आणि माणसं एकमेकांना मारतात. मामांनी एक-एक फोटो नीट पाहिला. “भाव किती पडला व्हता?” मुलानं सांगितलं, भावाचा संबंध नाही, मजा म्हणून. आणि आत जायला तिकीट असतं. “टोमॅटो फेकायला तिकीट?” मामा कॉटवर उठून बसले. “आरं, आपल्याकडं दर दोन-तीन वर्षाला रस्त्यावर फुकट फेकतो की आपण. तवा एक पिक्चरवाला आला न्हाई.”

खरं तर जागेसाठी एवढं लांब जायचीही गरज नव्हती. ‘दिलवाले’तल्या शेवटच्या प्रसंगाचं ते पंजाबातलं स्टेशन पंजाबात नाहीच. ते रायगड जिल्ह्यातलं आपटा, पनवेल-रोहा मार्गावरचं. ‘स्वदेस’मधलं उत्तरेकडचं चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली. वाईनं तर हिंदी सिनेमात उत्तर प्रदेश-बिहारची एवढी कामं केली, की तिथल्या घाटाला पेन्शन मिळायला हवी. हे सगळं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आपट्यालाही जाऊ.” मी विषय बदलला.

आमच्या अगदी शेजारी म्हटलं तर ‘सैराट’. पाटोदा, जामखेड आणि पुढं करमाळा. नागराज मंजुळ्यांनी करमाळा तालुक्यात तो सिनेमा केला, २९ एप्रिल २०१६ ला तो लागला, शंभर कोटींच्या पुढं गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या पोरांच्या मोटारसायकली करमाळ्याकडं वळल्या. कमलाभवानीचं देऊळ आणि छप्पन्न नव्हे, चांगली शहाण्णव पायऱ्यांची विहीर तिथं आधीपासून होती, पण माणसं शोधायची ते वठलेलं झाड, जिथं आर्ची आणि परश्या बसले होते. बीडमध्ये खजाना विहीर आहे, निजामशाहीतली, दुष्काळातही आटत नाही अशी ख्याती. तळ्याच्या मधोमध कंकालेश्वराचं देऊळ आहे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून थेट दरीत उडी घेते. पावसाळ्यात ती पाहिली तर स्वित्झर्लंडचे चार धबधबे मनातून उतरतात. मार्चनंतर कडा तेवढा उरतो. यातल्या कशावरही अजून कुणी कुणाचा हात धरून गाणं म्हटलेलं माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडं कॅमेरे येतात ते दुष्काळाला आणि निवडणुकीला.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. परळीपर्यंतचा पुढचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता, पण बीडला आली. मंजुरीनंतर तीस वर्षांनी. स्टेशनवर गर्दी अशी, की नायिका पळायची म्हटली असती तर तिला जागा मिळाली नसती. लोक गाडीला हात लावून पाहत होते. काही पोरं दारात उभी राहून बाहेर हात काढत होती आणि फलाटावरून त्यांचेच मित्र, मिशा असलेले, ओढणी घेऊन पळत येत होते. रील झाली की पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या मुलाचा जर्मन सहकारी आला, तो याच गाडीनं. ‘सैराट’ थिएटरात लागायच्या आधीच बर्लिनच्या महोत्सवात दाखवला होता. यानं तो तिथं पाहिलेला, आणि त्याला ते झाड बघायचं होतं. मामा त्याला जीपमध्ये घालून करमाळ्याकडं निघाले, मीही बरोबर. तिकडं पोचल्यावर विचारलं, तर प्रत्येक वाडीवर एक माहितगार आणि प्रत्येक माहितगाराचं झाड वेगळं. एकानं तर बांधावरचा हिरवागार कडुनिंब दाखवला. “आरं, हे वठलेलं कुठंय?” मामा म्हणाले. “दहा वर्सं झाली की, पालवलं आसंल,” तो म्हणाला. जर्मनानं दाखवतील त्या सगळ्या झाडांचे फोटो काढले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं वळून विचारलं, हेच ना ते?

परतताना सौताड्याजवळ मामांनी जीप थांबवली. सीताफळं फोडून त्याच्या हातात दिली आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं काम काढलं. मुलाला फोन लावून त्याच्याकरवी विचारलं, की त्या जयसिंगपूरच्या गाईची वीर्यकांडी इकडं पाठवता येईल का? स्टुटगार्टच्या त्या माणसानं आयुष्यात गाय फक्त दुधाच्या पिशवीवर पाहिली असावी, पण त्यानं वही काढून नीट लिहून घेतलं. महिन्याभरानं त्याचा निरोप आला. चौकशी केली, पण परदेशातून कांडी आणायची तर दिल्लीहून केंद्र सरकारची परवानगी लागते.

मामांना वाईट वाटेल म्हणून मी हे जरा जपून सांगितलं. मामा दावणीला वैरण टाकत होते. त्यांनी हात झटकले.

“मग अर्ज टाकून ठिव की. मंजुरी आली म्हंजी झालं. माझ्या नातवाच्या दावणीला येतीच गाय, तीस वर्सात.”